वाचकांचे प्रश्न : ठिपका का सरकतो?

प्रश्न : मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात दोन महिने अवकाश दुर्बिणींच्या प्रकाशिकी प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळाली आहे. जाण्याआधी काय शिकून घेऊ? कॉलेजात लेसर आणि दोन आरसे लावून सराव करते, पण ठिपका जागेवर राहतच नाही.
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : ठिपक्याचा सराव सोडू नका, तिथे तोच सगळ्यात उपयोगी पडेल. आधी हातातली अंगठी, घड्याळ काढा आणि डोळे किरणाच्या पातळीत आणू नका. हेलियम-निऑन लेसर सुरू करून अर्धा तास तसाच ठेवा. नळी तापून स्थिरावेपर्यंत किरण किंचित सरकत राहतो. दुसऱ्या आरशापुढे दोन आयरिस (मधलं भोक लहान-मोठं करता येणाऱ्या चकत्या) मांडा, एक जवळ, एक लांब, उंची पट्टीने मोजून सारखी. पहिल्या आरशाच्या स्क्रूंनी जवळच्या आयरिसचा मध्य साधायचा, दुसऱ्याच्या स्क्रूंनी लांबच्याचा. एक जमलं की दुसरं थोडं बिघडतं, म्हणून चार-पाच फेऱ्या लागतात. कोणत्या आरशाने कोणता आयरिस साधायचा याची अदलाबदल केलीत तर मात्र ठिपका दर फेरीला अधिकच भरकटतो, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं.

आरसा १ कोनीय मिनिट (अंशाचा साठावा भाग) वळला की किरण २ मिनिटं वळतो. २ मीटरवर ठिपका सव्वा मिलिमीटरच्या आसपास सरकलेला दिसेल. म्हणून स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवा. पुढे गेलात तर बराच मागे येऊन पुन्हा त्याच दिशेने मध्यावर या, नाहीतर आट्यांमधली मोकळीक फसवते. तरीही ठिपका हलत असेल तर आरशाच्या खांबाच्या तळाचा बोल्ट तपासा, मग एसीचा झोत. आरसा धरणारा स्क्रू करकचून आवळू नका. काच ताणाने वाकते आणि गोल ठिपका लांबट होतो.

दुसरी तयारी स्वच्छतेची. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण बेंगळुरूजवळ होसकोटे इथे स्वच्छ कक्षात जुळवली गेली. तो उपग्रह २०१५ साली अवकाशात गेला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने साकारलेली, सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानावरची सूट दुर्बीणही २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये, म्हणजे अतिनीलच पाहते. अतिनील दुर्बिणीला धुळीइतकंच भय तेलकट वाफेचं असतं. बोटाचा, क्रीमचा किंवा चुकीच्या गोंदाचा डोळ्याला न दिसणारा थर आरशावर बसला तरी तो अतिनील प्रकाश शोषून घेतो, आणि कक्षेत गेल्यावर पुसायला कोणी नसतं. क्लास १०० कक्षात घनफुटामागे ०.५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण १००पेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणून कक्षात जायच्या दिवशी पावडर, अत्तर, काजळ काही लावू नका. पोशाख वरून खाली चढवायचा: टोपी, मास्क, अंगरखा, बूट, शेवटी नायट्राइल हातमोजे. पेन्सिल आणि साधी वही बाहेरच ठेवा. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटची पूड आणि कागदाचे तंतू उडतात. आत वेगळा, तंतू न सोडणारा कागद मिळतो.

आरशावर कण दिसला तर तो पुसू नका, तोंडाने फुंकरही मारू नका. थुंकीचे थेंब उडतात. आरसा आणि तारीख आतल्या कागदावर नोंदवून मार्गदर्शकांना दाखवा. बऱ्याचदा तो कण तसाच राहू देतात, कारण उघड्या ॲल्युमिनियमच्या लेपावर पुसण्याने पडलेला ओरखडा कणापेक्षा जास्त प्रकाश विखुरतो.