तेवीस पॅच झाले, आता कमिटर कधी?

प्रश्न: माझी मुलगी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्ष ती रात्री जागून एका ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाचं फुकट काम करते. तिचे २३ पॅच स्वीकारले गेले, तरी तिला कमिटर केलं नाही. तिच्या मागून आलेल्या, जेमतेम नऊ पॅच असलेल्या मुलाला मात्र केलं. तिने मेल करून हक्क मागावा का? आणि कमिटर न होता प्लेसमेंटला या कामाचा उपयोग काय?

उत्तर: मागू नये, हे आधीच सांगते.

कमिटर म्हणजे मूळ कोडमध्ये थेट बदल करण्याची परवानगी असलेला माणूस. बाकीच्यांनी पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, पाठवायचा, त्याने तपासून आत घ्यायचा. अपाची या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत आधीचेच कार्यकर्ते नाव सुचवतात, चर्चा आणि मतदान खासगीत होतं, साधारण ७२ तास चालतं, आणि ज्याच्याबद्दल चाललंय त्याला सहसा पत्ताही नसतो. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात कोअर टीमच्या, म्हणजे मुख्य कार्यकर्त्यांच्या, मतांपैकी दोन तृतीयांश होकार लागतात. इतके पॅच झाले की कमिटर, असा नियम दोन्हीकडे नाही.

तुमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचंच बघा. वर्गणीची पावतीपुस्तकं कोणाकडे देतात? सर्वात जास्त खुर्च्या उचलणाऱ्याकडे नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सगळे झोपलेले असताना मांडव उतरवायला जो हजर असतो त्याच्याकडे.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण मुलीला विचारा, तिला ठाऊक असेल. फाइल दाबून लहान करणारं हे साधन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बहुतेक प्रकारांत असतं. सांभाळणारा एकटा, तोही थकलेला. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं नेमाने पॅच पाठवले, आणि मधूनमधून भलत्याच नावांनी त्या बिचाऱ्यावर दबाव येत राहिला की दुसऱ्या कोणाला तरी हक्क द्या. हक्क मिळाले, आणि ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसला. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस नावाच्या ओपन सोर्स डेटाबेसच्या कमिटरमुळे. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून त्याने माग काढला. असं काही घडल्यावर ‘मला हक्क द्या’ म्हणणाऱ्याकडे लोक जरा सावधच बघणार. त्यात तुमच्या मुलीचा काही दोष नाही.

आता तिच्या कामाबद्दल. तुम्ही पाठवलेल्या लिंकवरून मी सगळे पॅच उघडून पाहिले (जमेल तितके समजूनही घेतले). हात चांगला आहे. पण मार्चमध्ये एका जुन्या सदस्याने विचारलं होतं, ‘फाइल अर्धवट वाचली गेली तर काय होईल?’ उत्तर १९ दिवसांनी आलं. परीक्षा असणार. ‘परीक्षा आहे, पंधरा दिवसांनी बघते’ एवढी एक ओळ पुरली असती. त्या नऊ पॅचवाल्या मुलाचं पानही पाहिलं. स्वतःचे नऊच, पण दुसऱ्यांच्या साठेक पॅचवर त्याने काही ना काही लिहिलंय. कुठे चूक दाखवली, कुठे स्वतःच्या मशीनवर चालवून बघितलं. तुमच्या मुलीने दुसऱ्याच्या पॅचवर आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. खरी मेख इथे आहे.

प्लेसमेंटचं म्हणाल तर कॅम्पसवर येणाऱ्या मोठ्या भरतीत कमिटर शब्द कोणी विचारणारही नाही. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांत मात्र मुलाखत घेणारा लिंक उघडून बघू शकतो, आणि तिथे स्वीकारलेले २३ पॅच आजही दिसतात. सर्वांत अवघड तीन निवडून रेझ्युमेत द्या, प्रत्येकाखाली बग काय होता ते दोन ओळींत लिहा. फुकटचं म्हणाल, तर अनेक कमिटरना याच कामाचा पगार मिळतो; पोस्टग्रेसवर चालणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचं ऑफिस तर पुण्यातच आहे.

या रविवारी तिने दुसऱ्यांचे दोन पॅच घेऊन चालवून बघावेत आणि जे दिसलं ते लिहावं. आणि हो, जागरण कमी करायला सांगा. रात्री दोननंतर पाठवलेल्या तिच्या दोन पॅचना टेस्ट (बदल नीट चालतो का हे तपासणारा कोड) जोडायचीच राहिली होती.