अक्रोतिरीला दोन दिवस दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. क्रीट या ग्रीक बेटावरच्या सहलीचा तुझा बेत वाचला. हानिया शहराला लागून असलेल्या अक्रोतिरी द्वीपकल्पाला तू जेमतेम एक सकाळ ठेवली आहेस, म्हणून लगेच लिहायला बसले. विमानतळ याच द्वीपकल्पावर आहे, तरी बहुतेक जण सामान उचलून थेट शहर गाठतात. तू तसं करू नकोस.

एक अख्खा दिवस काथोलिको या जुन्या मठासाठी ठेव. गुवर्नेतो मठापासून पायवाट समुद्राकडे उतरते. वाटेत अस्वलाची गुहा लागते. आत पाण्याच्या टाक्यावर वाकलेल्या अस्वलासारखा एक दगड आहे. टाक्यातलं पाणी पिऊन टाकणाऱ्या अस्वलाला मेरीमातेने दगड केलं, अशी तिथली कथा. ख्रिस्ती धर्म येण्याआधी इथे आर्टेमिस या ग्रीक देवीची पूजा व्हायची. कार्ल्याला लेण्याच्या दाराशी एकवीरेचं देऊळ पाहिलेल्या तुला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे पायऱ्या घळीत उतरतात आणि एका वळणावर काथोलिको दिसतं: कड्यातच कोरलेला, आता ओसाड मठ आणि घळीवरचा भलामोठा दगडी पूल. अकराव्या शतकात संत योहान इथल्या गुहेत एकटे राहिले. एका शिकाऱ्याने जनावर समजून त्यांना बाण मारला, असं सांगतात. चाच्यांच्या हल्ल्यांना कंटाळून पुढे साधू वर गुवर्नेतोला गेले. पुलावर घाई करू नकोस. मी तिथे तासभर बसले होते. वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. घळीच्या तोंडाशी समुद्र आहे, तिथे कातळात कोरलेली होड्यांची जागाही बघ.

परतीची वाट मात्र सगळी चढाची, सावली नाही, दुकान नाही. सकाळी लवकर निघ, दोन लिटर पाणी आणि गुहेसाठी विजेरी घे. मठात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मठाच्या वेळाही आधी विचारून घे.

दुसऱ्या दिवशी आया त्रियादा मठ पाहा, तिथलं ऑलिव्ह तेल घे. मग हानियाच्या बाजूच्या टेकडीवर ग्रीसचे एकेकाळचे पंतप्रधान वेनिझेलोस यांची समाधी. 1897मध्ये ऑटोमन सत्तेविरुद्धच्या उठावात युरोपीय महासत्तांच्या युद्धनौकांनी याच टेकडीवर तोफा डागल्या होत्या. तोफगोळ्याने काठी मोडल्यावर एका बंडखोराने ग्रीक झेंडा स्वतःच्या अंगावर उभा धरला.

संध्याकाळी पूर्व किनाऱ्यावरच्या छोट्या पुळणीवर जा. तिचं नाव माराथी! आपल्या भाषेशी त्याचा काही संबंध नाही. ग्रीकमध्ये बडीशेपेला माराथो म्हणतात. पाणी उथळ आणि शांत आहे, तुला पोहता येईल.

तुझ्या बाई