औद्योगिक सुरक्षेच्या पदवीत विद्यापीठानं काय शिकवावं?

मराठवाड्यातल्या विद्यापीठानं सेफ्टी ऑफिसर घडवणारी पदवी सुरू केली तर त्यात काय असावं, असं तुम्ही विचारलंय. वाळूज-जालना पट्ट्यात मी हेच काम करतो. माझं म्हणणं, आधी काम प्रत्यक्षात कसं चालतं ते बघायला शिकवा.

१९४८चा कारखाने अधिनियम, त्याच्या जागी आणलेली २०२०ची कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची संहिता हे सगळं लागतंच, पण ते वाचून येतं. कलमं पाठ असलेला मुलगा पॉवर प्रेससमोर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनसमोर, मात्र अडखळतो. हात मशीनबाहेर राहावेत म्हणून दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक ऑपरेटरनं चिकटपट्टीनं बांधून टाकलेलं असतं. मग बोट तुटलं की नवा ऑफिसर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहून मोकळा होतो. त्यानं विचारायला हवं, की तासाला किती नगांचं टार्गेट आहे? डायमध्ये, म्हणजे साच्यात, जॉब (घडवायचा तुकडा) सारखा का अडकतो? ठेकेदार पैसे हजेरीवर देतो की नगावर? बोट का तुटलं ते इथं कळतं. म्हणून एक अख्खं सत्र विद्यार्थ्याला एकाच मशीनजवळ बसवा, रात्रपाळीसकट. ऑपरेटरशी मराठीत, हिंदीत नीट बोलता आलं पाहिजे. साहेब म्हणून गेलात तर खरं कुणी सांगत नाही.

विज्ञान शिकवाल ते आपल्या भागातलं शिकवा. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत, बायोगॅसच्या टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणून माणूस बिनधास्त आत उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. यातली बरीच माणसं मदतीला धावलेली असतात, हे मला फार लागतं. बाहेरून दोर आणि तिपाईनं माणूस वर कसा काढायचा, हे हाताला वळण पडेपर्यंत करून घ्या. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर आत जायचं नाही, आणि तो मीटरनंच मोजायचा.

जालन्यात स्टीलच्या भट्ट्या आहेत. ओलं भंगार किंवा आत पाणी राहिलेला बंद डबा वितळलेल्या लोखंडात गेला की पाण्याची वाफ होऊन आकारमान १,६०० पटींच्या आसपास वाढतं आणि धातू उसळतो. तिथं हेल्मेट कितीसं पुरणार? खरी सुरक्षा भंगाराच्या यार्डात आहे: वरती छप्पर, आणि माल निवडणाऱ्या माणसाला पुरेसा वेळ. मालकाला त्या छपराचा खर्च पटवून देणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग हवा.

३१ डिसेंबर २०२३ला पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली, सहा कामगार गेले. ते आतच झोपलेले होते. कामगार राहतो कुठं, झोपतो कुठं, हे सेफ्टी ऑडिटच्या कोणत्या रकान्यात बसतं? विद्यार्थ्यांकडून तो रकाना करून घ्या.

आणि शिकवायला फक्त प्राध्यापक नकोत. जुना फिटर, भट्टीवरचा मिस्त्री, प्रेसमध्ये बोटं गमावलेला ऑपरेटर यांना रीतसर मानधन देऊन वर्गात बोलवा, आणि प्रात्यक्षिकाचे गुण त्यांनाच देऊ द्या.