ब्रायटनला वाळू नाही, तरी जा

प्रश्न: ताई, लेक-जावई लंडनला असतेत. जूनमध्ये आम्ही दोघं अन् सासूबाई (वय ७४, गुडघे लई दुखतेत) तिकडं चाललोय. एका शनिवार-रविवारी ब्रायटनला समुद्रावर नेतो म्हणतेत, पण शेजारचे म्हणाले तिथं वाळूच नाही, नुसते गोटे. मग जावं का? सोबत सहा वर्षांचा नातू आहे, आणि आम्ही सगळे शाकाहारी.
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर: शेजारचे म्हणाले ते खरंय, ब्रायटनला सगळे गोल गोटेच आहेत, चालताना पाय सरकतो, त्यामुळं सासूबाईंना खाली उतरवूच नका, वरचा रस्ता चांगला सपाट आहे तिथं बाकावर बसू द्या. नातवाला वाळूचा किल्लाच करायचा असला तर बोर्नमथ बघा, तिथं मैलोन् मैल वाळू आहे पण लंडनहून रेल्वेनं दोनेक तास लागतेत, ब्रायटन व्हिक्टोरिया स्टेशनवरून तासाभराचं.

पण मी म्हणते ब्रायटनलाच जा, आणि ते समुद्रासाठी नाही. गावाच्या मधोमध रॉयल पॅव्हेलियन नावाचा राजवाडा आहे, बाहेरून बघितला तर घुमट-मिनार अगदी आपल्याकडचे वाटतेत. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१६, तिथं आपल्या हिंदुस्थानी जखमी सैनिकांचा दवाखाना होता. फ्रान्सच्या चिखलात लढून आलेली गढवालची, पंजाबची पोरं त्या झुंबरांखाली खाटांवर पडलेली असायची. प्रत्येकाच्या धर्माप्रमाणं वेगळी स्वयंपाकघरं होती, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. बागेच्या एका बाजूला इंडिया गेट आहे, या सेवेची आठवण म्हणून आपल्याकडून दिलेलं, १९२१ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी त्याचं उद्घाटन केलं. तिथवर सासूबाईंना सहज नेता येईल.

जे हिंदू-शीख सैनिक वाचले नाहीत त्यातल्या ५३ जणांचं दहन गावाबाहेर टेकडीवर झालं, तिथं आता पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे, नावच ‘छत्री’. त्यांची राख समुद्रात सोडली. आपल्या गंगाखेडला लोक लांबून लांबून अस्थी घेऊन गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, येतेत, तुमच्या सासूबाईंनी तर हे जन्मभर डोळ्यांनी बघितलंय, म्हणून त्यांना समुद्रासमोर बसवून हे नक्की सांगा, त्यांना कुणी वेगळं समजवायची गरज पडणार नाही. छत्रीवर मात्र त्यांना नेऊ नका, शेवटपर्यंत गाडी जात नाही, माळावरून चढ चालावं लागतं. तुम्ही नाहीतर जावई जाऊन या.

नातवासाठी किनाऱ्यालगतची छोटी व्होल्क्स रेल्वे. १८८३ पासूनची विजेवर चालणारी गाडी आहे, आजी-नातू दोघंही बसतील. समुद्रात पुढं निघालेला धक्का, पॅलेस पिअर, तो पण बघा, १८९९ चा आहे. पाण्यात उतरायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, कारण गोट्यांचा उतार एकदम खोल जातो, आणि जूनमध्येही पाणी असं गार असतंय की लेकरू दोन मिनिटांत कुडकुडतं, त्याला एकट्याला अजिबात सोडू नका. स्वेटर प्रत्येकाचं घ्या, वारा लई असतो. दिवस मात्र मोठा, रात्री नवाच्या पुढं सूर्य मावळतो.

खाण्याचं म्हणाल तर चिप्स सगळीकडं मिळतेत पण तेल कुठलं ते विचारा, काही जागी बीफच्या चरबीत तळतेत, काही जागी मासे आणि बटाटे एकाच कढईत. आणि चिप्स उघड्यावर हातात धरू नका, सीगल पक्षी झडप घालून नेतो, नातू घाबरेल. लेकीच्या घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, बाकावर बसून खाल्लं तर कुणी काही म्हणत नाही. इथून पेढे-तूप मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील.

परतीचं तिकीट रविवारी दुपारचंच बघा, संध्याकाळी लंडनच्या गाडीला गर्दी होते आणि सासूबाईंना उभं राहावं लागेल.