कात्री खाली ठेवा!

प्रश्न : डोंबिवलीला गच्चीवर दहा इंची कुंड्यांत भुईमूग लावलाय. पिवळी फुलं भरपूर आली, पण एक झाड उपटून पाहिलं तर शेंगा जेमतेम चार. कुंडीच्या काठावरून जांभळट सुयांसारखे देठ लोंबतायत. ते छाटू का? शेणखत दर आठवड्याला घालते.

उत्तर : कात्री आधी खाली ठेवा, ताई. त्या सुया म्हणजेच तुमच्या होणाऱ्या शेंगा, भुईमुगाच्या आऱ्या! फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. फलधारणा झाली की त्याच्या बुडातून आरी निघते आणि थेट जमिनीचा रस्ता धरते. टोक मातीत एक-दोन इंच शिरलं, अंधार मिळाला, की आडवं होऊन फुगायला लागतं. हवेत लोंबकळत राहिलेल्या आऱ्या नुसत्या वाळतात. तुमच्या कुंडीत निम्म्या आऱ्यांना माती सापडतच नाही, मग शेंग धरणार कुठे?

पुढच्या वेळी पसरट टब किंवा भाजीचा क्रेट घ्या. आत्ता कुंडीभोवती मातीची पिशवी टेकवून लोंबत्या आऱ्या तिच्यात सोडा, झाडाच्या बुडाशीही भुसभुशीत भर द्या. आमच्या सातारा भागात चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, तो आऱ्या मातीला टेकाव्यात म्हणूनच. त्यानंतर मात्र खुरपं आत घालायचं नाही. तुटलेली आरी परत येत नाही.

शेणखताचा रतीब थांबवा. मुळांवरच्या गाठी नत्र मिळवून देतात, वरून आणखी घातलंत तर पाला माजतो. शेंगेला हवं कॅल्शियम, आणि ते ती मुळांकडून नव्हे, भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषते. म्हणून आऱ्या सुटताना बुडाशी चमचाभर जिप्सम टाका. नाहीतर शेंगा पोचट निघतात.

काढणीची घाई नको. एक शेंग फोडा. टरफल आतून काळपट दिसलं तर तयार, पांढरंफटक असेल तर थांबा.

प्रश्न : डब्यातल्या दाण्यांना हिरवट बुरशी आली. भाजून कूट केलं तर चालेल का? (नागपूर)

उत्तर : नाही. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, ते यकृतावर घाव घालतं, आणि भाजल्याने पुरतं जात नाही. चांगले दाणे निवडून घेण्याचा मोहही नको, सगळा डबा टाका. गुरांनाही घालू नका. नवे दाणे कडकडीत वाळवून भरा.