सही झाली, पैसे भरले. आता ऑपरेशन थांबवता येईल का?

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे, नागपूरच्या मानेवाडा भागात राहते, शाळेत शिकवते. वर्षभरापासून पाळीत फार रक्त जातं. हिमोग्लोबिन ७.८ वर आलं तेव्हा एका खासगी दवाखान्यात दोन दिवस भरती होते. रक्त चढवलं, क्युरेटिंग (पिशवीचं आतलं अस्तर खरवडून तपासणीला पाठवणं) केलं. नंतर डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे, रिपोर्ट चांगला नाही, पुढे कॅन्सर होऊ शकतो. पिशवी काढून टाकू, सोबत अंडाशयंही." त्याच दिवशी काउंटरवर माझी आणि मिस्टरांची फॉर्मवर सही घेतली, ३० हजार रुपये भरून घेतले. ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. मधल्या काळात बहिणीने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफी पाहून सांगितलं, की गाठ लहान आहे, आत हार्मोनचं साधन बसवून सहा महिने वाट पाहू. पहिला दवाखाना फाइल देत नाही, "ऑपरेशन झाल्यावर मिळेल" म्हणतो. मिस्टरांचं म्हणणं, मेडिक्लेम मार्चअखेर संपतो, तेव्हा उरकून घे. मी माघार घेऊ शकते का? पैसे बुडतील का? आणि दोघांपैकी जो चुकीचं सांगतोय त्याच्यावर केस होते का?

उत्तर : थांबवता येतं, ताई. सही झाली असो, पैसे भरलेले असोत, तारीख ठरलेली असो, भूल दिली जाईपर्यंत तुम्ही 'नको' म्हणू शकता आणि दवाखान्याला ते ऐकावंच लागतं. समजत्या-उमजत्या प्रौढ माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ मध्ये 'कॉमन कॉज' प्रकरणात मान्य केलं. तो निकाल मरणाच्या दारातल्या रुग्णांसंबंधी होता, पण हा हक्क तुमचाही आहे.

मी वकील आहे. पिशवी काढावी की नाही, हे मी सांगणार नाही, ते माझं कामही नाही. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार खटकली. दुसऱ्या डॉक्टरांनी फक्त सोनोग्राफी पाहिली. क्युरेटिंगचा रिपोर्ट पहिल्या दवाखान्याच्या फाइलमध्ये अडकलेला आहे आणि तो तुम्हीसुद्धा वाचलेला नाही. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात असं तुम्हाला वाटतंय, पण दोघांसमोर कागदच वेगवेगळे होते. रिपोर्ट वाचून दुसरे डॉक्टर कदाचित पहिल्यांशी सहमत होतील. कदाचित रिपोर्टमध्ये घाबरण्यासारखं काही नसेलही. "रिपोर्ट चांगला नाही" या तीन शब्दांत काहीही मावतं. अशा प्रकरणांत तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून मला एवढं कळलंय, की रिपोर्टात 'हायपरप्लेझिया' (अस्तराची जास्तीची वाढ) असेल तर त्याच्यासोबत 'अटिपिया' (पेशींचं रूप बिघडलेलं असणं) आहे की नाही, यावर सल्ला पार फिरतो. तेव्हा गुरुवारच्या आधी भांडायचंच असेल तर त्या कागदासाठी भांडा.

त्यात कायदा तुमच्या बाजूने आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण महिन्याभराच्या आत ते स्थगित झाले. २००२ च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायचे असतात. न देणं हे गैरवर्तन ठरतं, त्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. "ऑपरेशन झाल्यावर मिळेल" अशी अट या नियमांत कुठेही नाही. तुम्ही दोन दिवस भरती होता, त्यामुळे "ओपीडीचे कागद आम्ही ठेवत नाही" हे कारणही चालणार नाही. झेरॉक्सचे पैसे मागितले तर देऊन टाका, त्यावर वाद नको. मागणी मात्र लेखीच करा. तोंडी मागणीला ७२ तास कधी सुरू झाले, हे पुढे कोणाला दाखवता येत नाही.

रिपोर्टाच्या कागदासोबत स्लाइड आणि ब्लॉकही मागा. तपासलेला नमुना त्यांवर असतो आणि दुसरा पॅथॉलॉजिस्ट तोच नमुना पुन्हा पाहू शकतो. तुम्ही मानेवाड्याला राहता, म्हणजे तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. कॅन्सरची भीती घातली गेली असेल तर त्या भीतीची शहानिशा तिथेच व्हावी. नाहीतर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत. तिथल्या रांगा मला ठाऊक आहेत, उन्हाळ्यात तर जीव जातो. पण तुमचं ऑपरेशन झालं काय किंवा न झालं काय, तिथल्या डॉक्टरांच्या पगारात फरक पडत नाही, आणि दोन मतांमध्ये अडकलेल्या माणसाला तिसरं मत अशाच ठिकाणाहून मिळावं असं मला मनापासून वाटतं. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क असल्याचं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत नोंदवलं आहे. २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. गेलात की भिंतीवर शोधा.

आता त्या सहीबद्दल. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणाचा निकाल दिला. ती रुग्णही ४४ वर्षांचीच होती, तक्रारही पाळीच्या रक्तस्रावाचीच. १९९५ मध्ये दुर्बिणीने तपासणी करायला म्हणून तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय, नलिका आणि अंडाशयं काढून टाकली. न्यायालयाने सांगितलं, की तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे, आणि रुग्ण प्रौढ असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची सही चालत नाही. खरी संमती कशाला म्हणायची, तेही त्या निकालात आहे. उपचार काय आणि कशासाठी, त्याला पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि उपचार घेतलाच नाही तर काय होईल, हे सगळं रुग्णाला आधी सांगितलेलं असलं पाहिजे. तुम्हाला हार्मोनच्या साधनाचा पर्याय पहिल्या डॉक्टरांनी सांगितला होता का? पत्रावरून तरी दिसत नाही. मग काउंटरवर, पावती फाडता फाडता घेतलेली ती सही फार कच्ची आहे. (त्या बाईंना नुकसानभरपाई किती मिळाली? पंचवीस हजार रुपये. निकाल मोठा, रक्कम एवढीशी. म्हणून मी पक्षकारांना नेहमी सांगते, की आधी विचारलेला प्रश्न नंतरच्या खटल्यापेक्षा जास्त कामाला येतो.)

त्याच निकालातली दुसरी बाजूही लक्षात ठेवा. एका ऑपरेशनची संमती देताना, "दरम्यान गरज पडल्यास अमुक जास्तीची प्रक्रियाही करावी" अशी एकत्र संमती घेता येते आणि ती वैध असते. तुमच्या छापील फॉर्मवर तसं वाक्य असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून फॉर्मची प्रत मागा आणि शब्द न् शब्द वाचा. माझ्याकडे आलेल्या काही फाइलींमध्ये ऑपरेशनचं नाव सहीपेक्षा वेगळ्या शाईने, नंतर भरलेलं पाहिलंय. तुमच्या फॉर्मवर सहीच्या वेळी ती जागा कोरी होती का, हे आज आठवतंय तोवर तारखेसह वहीत लिहून ठेवा.

अंडाशयांचा प्रश्न वेगळा विचारा. पिशवी काढणं आणि अंडाशयं काढणं हे दोन निर्णय आहेत. दोन्ही अंडाशयं गेली की रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. "सोबत तेही" एवढ्यावर तो निर्णय होऊ शकत नाही. शेवटी ऑपरेशन करायचं ठरलं आणि अंडाशयं ठेवायची असतील, तर नव्या संमतीपत्रावर तुमच्या हाताने तसं लिहा.

मिस्टरांची सही मागणं सर्वस्वी बेकायदा होतं असं मात्र म्हणता येणार नाही. २००२ च्या त्याच नियमांत लिहिलंय, की ज्या ऑपरेशनने वंध्यत्व येऊ शकतं त्याला पती-पत्नी दोघांची संमती घ्यावी. दवाखाने त्यावर बोट ठेवतात. पण नियमात 'दोघांची' म्हटलंय. तुमची नसेल तर एकट्या त्यांच्या सहीला काही किंमत नाही. हे घरी शांतपणे सांगा. ते वाईट माणूस आहेत असं मला पत्रातून वाटलं नाही. घाबरलेले आहेत आणि पैशांचा हिशोब करतायत.

तो हिशोबही तपासून घेऊ. पॉलिसी मार्चअखेर संपते, म्हणजे नूतनीकरण करायचं असतं. खंड न पडता हप्ता भरला तर आधी पूर्ण झालेला प्रतीक्षा कालावधी वाया जात नाही. आता कॅशलेस मंजुरी मिळाली असेल, तर ती या ऑपरेशनपुरती आहे. पुढे लागलं तर पुन्हा अर्ज करता येतो. पॉलिसी संपते म्हणून अवयव काढायची घाई करू नका.

३० हजारांचं सांगते. झालेल्या तपासण्यांचे पैसे ते बिल दाखवून कापू शकतात. न झालेल्या ऑपरेशनचे पैसे ठेवून घेतले, तर तुमची बाजू भक्कम आहे. आधी लेखी मागा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि तरी नाही मिळाले तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची आहे. एवढ्या रकमेसाठी मला फी देऊ नका. अर्ज तुम्ही स्वतः लिहू शकता.

केसबद्दल मात्र तुमची निराशा करावी लागेल. दोन डॉक्टरांची मतं वेगळी आहेत, एवढ्यावर कोणीही निष्काळजी ठरत नाही. निदान आणि उपचारांत प्रामाणिक मतभेदाला जागा असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कुसुम शर्मा प्रकरणात सांगितलंय आणि मला ते पटतं. नाहीतर कोणताही डॉक्टर मोकळेपणाने मत देणार नाही. फाइल न देणं, पर्याय न सांगणं, यांवर तक्रार होऊ शकते. मतावर नाही.

तुमच्या मनातली शंका निराधार आहे असंही समजू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. तुमच्या डॉक्टरांवर मी आरोप करत नाही. प्रश्न विचारताना संकोच वाटू नये म्हणून हे सांगितलं.

तारीख पुढे ढकलल्यावर दवाखाना "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध" अशा कागदावर सही मागेल. ते रीतसर आहे, भिऊ नका. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा : "दुसरं मत घेण्यासाठी ऑपरेशन तूर्त पुढे ढकलत आहे, उपचार नाकारलेला नाही." मात्र त्यानंतर खरंच उपचार घ्या. सहा महिने काहीच केलं नाही आणि त्रास वाढला, तर तो कागद तुमच्याविरुद्ध वाचला जाईल. आणि पुन्हा धो धो रक्त जायला लागलं, चक्कर आली, तर कोणत्याही कागदाची वाट न पाहता सगळ्यांत जवळच्या दवाखान्यात जा. ७.८ हिमोग्लोबिनवर वाट पाहण्यासारखं शरीरात फार काही शिल्लक नसतं.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडताच हे पत्र दोन प्रतींत घेऊन जा, बहिणीला सोबत ठेवा :

"मी अमुक तारखांना आपल्याकडे भरती होते. गुरुवारी ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी आधी दिलेली संमती मी मागे घेत आहे. दुसरं मत घ्यायचं असल्याने माझे सर्व केसपेपर, क्युरेटिंगचा रिपोर्ट, स्लाइड व ब्लॉक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत ७२ तासांच्या आत द्यावी. भरलेल्या ३० हजार रुपयांतून झालेल्या तपासण्यांचं बिल वजा करून उरलेली रक्कम परत करावी."

एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. शिक्का देत नसतील तर तिथूनच ईमेल करा आणि मग पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवा. सोमवारी पत्र पोचलं की गुरुवारी ७२ तास भरतात. त्या दिवशी उपाशी राहायचं कारण उरलेलं नसेल. नाश्ता करून निघा, दवाखान्यातून कागद घ्या आणि तिथून थेट तुकडोजी चौकात जाऊन केसपेपर काढा.