प्रवासावर बंधनं असताना मुलांना घेऊन घराजवळच तंबूत राहणं जमतं का?

जमतं. लांबच्या सहलीपेक्षा बरंच सोपं जातं. अट एकच: ज्यांच्या गावात तंबू ठोकायचा, त्यांचा होकार मनापासूनचा हवा. तुम्ही विचारलंय की २०२० साली कोरोनामुळे बंधनं असताना कोणी कुटुंबासह असं राहिलं का, जागा कशी शोधली, आणि चार वर्षांच्या मुलाला हे झेपतं का. आम्ही राहिलो. पुण्यातून निघालो आणि जिल्ह्याच्या आतच भोर तालुक्यात मुक्काम केला. बरोबर दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं होती.

आधी बंधनांचं सांगते. राज्यात जिल्हा ओलांडायला लागणारा ई-पास २ सप्टेंबर २०२० पासून बंद झाला होता, त्यामुळे डिसेंबरात कागदोपत्री लांब जायला हरकत नव्हती. पण घरी सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई होत्या. हॉटेलची खोली नको, ढाब्यावरचं जेवण नको, वाटेतलं स्वच्छतागृहही नको, असं आमचं ठरलेलं होतं. म्हणून अंतराचा हिशेब आम्ही किलोमीटरमध्ये केलाच नाही. वाटेत कुठेही न थांबता पोचता यावं आणि रात्री मुलाला ताप भरला तर तासा-दोन तासांत घर गाठता यावं, एवढंच पाहिलं. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून कापूरहोळला वळलं की भोर या हिशेबात बसतं. तुम्ही कुठल्याही गावात असा, हीच कसोटी लावून बघा. नकाशावर दिसते त्यापेक्षा बरीच जागा हाती लागते.

आता होकाराचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण शहरातल्या लोकांना ही गोष्ट शेवटी आठवते. मार्च-एप्रिलमध्ये कितीतरी गावांनी वेशीवर काट्या आणि ओंडके टाकून रस्ते बंद केले होते. त्याला आडमुठेपणा म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. गावात म्हातारी माणसं असतात, व्हेंटिलेटरचा दवाखाना लांब असतो, आणि आजार येणार तो शहरातून, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. डिसेंबरात काट्या हटल्या होत्या, पण ती भीती अजून पुरती गेली नव्हती आणि ती रास्तच होती. आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. भाटघर धरणाच्या बॅकवॉटरच्या वरच्या अंगाला त्यांची भातखाचरं आहेत आणि दरवर्षी आम्ही त्यांच्याकडूनच इंद्रायणी तांदूळ घेतो. त्यांना फोन केला तेव्हा सरळ विचारलं, ‘दादा, आम्ही आलो तर गावात कुणाला अडचण वाटेल का? वाटत असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा.’ त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला. ‘ताई, या खुशाल. पोलीस पाटलांच्या कानावर घातलंय. फक्त आईला भेटायला घरात येऊ नका, तेवढं सांभाळा.’

हा एक दिवस थांबण्यातच सगळं आलं. त्यांना घरात आणि गावात विचारायला वेळ मिळाला. आम्ही पाण्याचे कॅन, शिधा, भांडी, सरपण, औषधं सगळं पुण्याहून नेलं. त्यांच्या विहिरीचं पाणीही वापरायला काढलं नाही. जागेचे पैसे ते घेणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून वर्षाचा तांदूळ तिथेच घेतला, भाव त्यांनी सांगितला तोच दिला. हिरडस मावळ असो की जुन्नर, शेतावर राहायची अशी सोय झाली तर काहीतरी विकत घ्याच. भाजी घ्या, कडधान्य घ्या. नुसत्या धन्यवादावर परत येऊ नका.

तंबू कुठे ठोकला ते सांगते, कारण यातून बरंच शिकता येईल. भात निघाल्यावर खाचरांत कापलेल्या बुडख्यांचे खुंट राहतात. ते पाठीला टोचतात, तंबूचं कापडही फाडतात. सपाट जागा एकच होती, ती म्हणजे खळं. मळणी होऊन गेलेली, जमीन शेणाने सारवलेली, हात फिरवला तर खडासुद्धा लागत नव्हता. पण खळ्यात खुंट्या ठोकायच्या नसतात. चोपून चोपून केलेली जमीन भेगाळते आणि पुढच्या हंगामात धान्य त्या भेगांत जातं. दादांनी बांधावरचे पायलीएवढे दगड आणून दिले आणि तंबूच्या दोऱ्या आम्ही त्यांना बांधल्या. मुलांनी प्रत्येक दोरी ओढून ओढून ताणली. तंबूखाली त्यांनीच दिलेला पेंढा पसरला, त्यावर ताडपत्री, आत सतरंजी आणि दोन गोधड्या. थंडी वरून लागते त्यापेक्षा खालून जास्त लागते, त्यामुळे अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालच्या थराकडे लक्ष द्या. पेंढ्याची गंजी मात्र लांब हवी, आणि चूल त्याहून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. निखाऱ्यांची शेगडी तंबूत कधीही घेऊ नका, कितीही गारठा असला तरी. तिच्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, पण झोपेत जीव घेतो.

जेवणाचं फार काही सांगण्यासारखं नाही. तीन दगडांची चूल, वांग्याचं भरीत, घरून नेलेल्या भाकऱ्या, राखेत भाजलेली रताळी. मुलांना एवढं पुरतं.

आम्ही १९ डिसेंबरचा शनिवार धरला होता. त्या आठवड्यात गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले होते की जवळजवळ ४०० वर्षांत तसे आले नव्हते. सर्वांत जवळ ते २१ तारखेला होते, पण शनिवारीही दोघांतलं अंतर पूर्ण चंद्राच्या रुंदीहून कमी होतं. सूर्य मावळल्यावर नैऋत्येला डोंगराच्या कडेवर ते दिसले. डोंगरामागे लवकर जाणार हे माहीत होतं, म्हणून चूल पेटवायच्या आधीच मुलांना बांधावर उभं केलं. साध्या दुर्बिणीतून दोन्ही एकाच वर्तुळात दिसत होते आणि गुरूच्या बाजूला त्याचे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे. धाकटीने विचारलं, ‘हे एकमेकांना लागणार का?’ थोरल्याने तिला समजावलं की एक आपल्यापासून लांब आणि दुसरा त्याच्याही जवळजवळ दुप्पट लांब आहे, नुसते एका रेषेत आलेत. तो हे ऑनलाइन वर्गात शिकला होता. महिनोन् महिने पडद्यावर बघून शिकलेलं त्याला स्वतःच्या बोटाने दाखवता आलं, याचा मला फार आनंद झाला. पंचमीची कोर मावळल्यावर कृत्तिका, रोहिणी आणि मृग इतके ठळक दिसायला लागले की बॅटरी लावायचा मोहच झाला नाही. पुण्यातून एवढ्या जवळ इतकं काळं आकाश मिळतं, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. सगळं चालू असताना आम्ही तिथे थांबलोच नसतो, महाबळेश्वरकडे निघून गेलो असतो.

सोमवारीच राज्य सरकारने महापालिका क्षेत्रांत २२ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी जाहीर केली. असे निर्णय अचानक येतात. म्हणून निघायच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी आदेश पाहायचे, आणि बेत असा ठेवायचा की रद्द झाला तरी कुणाचं नुकसान नको. ओळखीच्या शेतावर जाण्याचा हा एक मोठा फायदा आहे: आगाऊ पैसे अडकत नाहीत.

जागा निवडताना काही गोष्टी मी ठामपणे टाळा म्हणेन. धरणाच्या अगदी काठावर राहू नका. पाणी ओसरलेल्या जागी वरून कोरडा दिसणारा गाळ आत मऊ असतो आणि खोली एकदम वाढते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या उसाच्या पट्ट्यात मुलांसह उघड्यावर झोपू नका, तिथे बिबट्याचा वावर उसातच असतो. किल्ला किंवा वनखात्याची हद्द असेल तर मुक्कामाची रीतसर परवानगी असल्याशिवाय जाऊ नका. पवना धरणाच्या काठावरच्या भाड्याच्या तंबूंबद्दल विचाराल, तर शांत ठिकाणंही आहेत तिथे, पण मुलांना घेऊन जाताना रात्री स्पीकर लागतो का हे आधी विचारून घ्या.

साप-विंचवांची भीती बहुतेकांना असते. गंजीत उंदीर असतात म्हणून घोणस तिथे येऊ शकते. तंबूची चेन कायम बंद ठेवा, बूट आत घ्या आणि सकाळी झटकून घाला, रात्री बॅटरीशिवाय एक पाऊलही टाकू नका. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे, तिथे सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा. १०८ नंबर लक्षात असू द्या, आणि शेतावर मोबाइलला रेंज येते का तेही. शौचासाठी खुरपं न्या. विहीर आणि ओढ्यापासून दोनशे फूट तरी लांब, वीतभर खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. लंगोट, ओले टिश्यू, प्लास्टिक सगळं पिशवीत बांधून घरी.

तुमच्या चार वर्षांच्या मुलाबद्दल: थेट शेतावर नेऊ नका. आधी सोसायटीला विचारून गच्चीवर एक रात्र काढा. अंधारात तंबू फडफडतो, आतून श्वासाच्या वाफेने भिंती ओल्या होतात, लघवीला उठायचं तर चेन उघडावी लागते. हे सगळं त्याला घराच्या वर, आई-बाबांच्या मध्ये झोपून कळू दे. वरच्या जाळीच्या खिडक्या थंडीतही थोड्या उघड्या ठेवा, म्हणजे दव आत ठिबकणार नाही. रोजचं पांघरूण आणि उशी बरोबर न्या, नवं काही नको. गच्चीवर शांत झोपला तर डिसेंबर-जानेवारीत शेतावर न्या. नाही झोपला तर शेतावर दिवसभर राहून संध्याकाळी परत या, आणि रात्रीचा मुक्काम पुढच्या हिवाळ्यावर ठेवा.